म्हातारी मांजर, थकलेली किडनी आणि घरचं सलाईन

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका ताईंनी विचारलंय: "आमची मनी चौदा वर्षांची आहे. उन्हाळ्यापासून पाणी फार पिते, ट्रेमधल्या वाळूत लघवीचे गोळे मोठे निघतात. वजन ४.२ किलो होतं, आता ३.४ भरलं. रक्तात क्रिएटिनिन ३.४, युरिया ११८, फॉस्फरस ६.१, पोटॅशियम ३.३. डॉक्टर म्हणाले किडनी गेली, एक दिवसाआड सलाईनला आणा. पण रिक्षात बसवलं की ती तोंडाला फेस येईपर्यंत ओरडते. घरी सलाईन देता येईल का? चिकन-मासे बंद करायचे का? आणि खरं सांगा, किती दिवस आहे ती?"

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो. त्याचं उत्तर मिळेपर्यंत बाकीचं डोक्यात शिरत नाही, हे मी पंचवीस वर्षं टेबलापलीकडे बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर बघत आलोय.

"किडनी गेली" हे शब्द मी वापरत नाही. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं दिसतं तेव्हा किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम थांबलेलं असतं हे खरं. तहान तर त्याच्याही आधी वाढते, कारण लघवी घट्ट करायची ताकद सगळ्यात आधी जाते. गेलेला भाग परत येत नाही. पण उरलेला भाग बरीच वर्षं संसार रेटू शकतो. मांजराच्या जुनाट किडनीविकाराचे चार टप्पे मानतात. क्रिएटिनिन १.६ च्या आत पहिला, १.६ ते २.८ दुसरा, २.९ ते ५ तिसरा आणि त्यापुढे चौथा. मनीचा आकडा तिसऱ्या टप्प्यात बसतो. या टप्प्यावर निदान झालेली निम्मी मांजरं त्यानंतर दोन वर्षं किंवा जास्त काढतात. चौथ्या टप्प्यात मात्र गोष्ट महिन्यांवर येते. म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे, आणि तो कसा जाईल हे बरंचसं तुमच्या घरात ठरणार आहे.

पण हा टप्पा पक्का धरण्याआधी एक गोष्ट करा. ज्या दिवशी रक्त काढलं त्या दिवशी मनी सुकलेली असेल, म्हणजे अंगातलं पाणी कमी असेल, तर आकडे फुगलेले येतात. तिला पाणी मिळून ती खायला लागली की दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करा. याच्या उलटही होतं. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. पाठीचा कणा हाताला लागावा इतकी वाळलेली मांजर असेल तर आकडा खोटा कमी दिसतो आणि घरचे उगाच निर्धास्त होतात. तुमच्या मनीचं आठशे ग्रॅम वजन गेलंय, तेव्हा पुढचा आकडा वाचताना वजन शेजारी लिहून ठेवा.

आपल्याकडे मांजराचं रक्त पुष्कळदा माणसांच्याच लॅबमध्ये जातं. तिथे छापलेली "नॉर्मल" मर्यादा माणसाची असते, तिच्याशी ताडून बघू नका. दुसरा घोळ युरियाचा. आपल्या लॅब बहुतेक करून युरिया देतात आणि परदेशी माहितीत युरिया नायट्रोजन दिलेला असतो. युरियाला २.१४ ने भागलं की तो आकडा मिळतो. तुमचे ११८ म्हणजे तिकडचे ५५. वाढलेलाच आहे, पण ११८ बघून बसलेला धक्का निम्मा तरी कमी व्हावा. ताराबाई पार्कातल्या एका आजोबांनी या एका गोंधळापायी मांजराची आशाच सोडली होती, म्हणून मुद्दाम लिहितोय.

तुमच्या रिपोर्टात दोन तपासण्या दिसत नाहीत, त्या मागून घ्या. पहिली लघवीची. ती किती पातळ आहे, त्यातून प्रथिनं जातात का आणि जंतू आहेत का, हे तिन्ही कळायला हवं. म्हाताऱ्या माद्यांमध्ये लघवीचा जंतुसंसर्ग काहीच लक्षण न दाखवता बसलेला असतो, आणि तो वर किडनीपर्यंत चढला तर चांगली चाललेली मांजर आठ दिवसांत कोसळते. दुसरी रक्तदाबाची. वरचा दाब १६० च्या पुढे टिकून राहिला तर औषध लागतं, १८० च्या पुढे गेला तर डोळा आणि मेंदू धोक्यात येतो. रात्री ठीक असलेली मांजर सकाळी भिंतीला धडकायला लागते, बुबुळं मोठी होऊन तशीच राहतात. डोळ्याचा पडदा सुटलेला असतो. आणि यावरचं औषध साधं आहे, ॲम्लोडिपिन, माणसांच्या बीपीचंच. २.५ मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग दिवसातून एकदा, अशी सुरुवात बहुतेक मांजरांना पुरते. पण दाब मोजल्याशिवाय ते चालू करायचं नाही. ज्या दवाखान्यात दाब मोजायचा मांजराच्या मापाचा पट्टा आणि डॉपलर (नाडीचा आवाज ऐकवणारं यंत्र) आहे तिथे एकदा जाऊन या. रिक्षाच्या आवाजाने वाढलेला दाब खरा नव्हे. आधी पंधरा मिनिटं तिला शांत बसू द्या, मग मोजायला सांगा.

आता खाण्याकडे येतो. घराघरात सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि माझ्याकडूनही झालीय. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी फार कडक होतो. शाहूपुरीतल्या एका बोक्याला मी किडनीचं खाद्य सोडून दुसरं काही द्यायचं नाही असं बजावलं. त्याने त्या खाद्याला तोंड लावलं नाही. घरचे बिचारे माझ्या शब्दाला जागले आणि चौथ्या दिवशी त्याला घेऊन आले तेव्हा त्याचे कान आतून पिवळे पडले होते. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठते आणि यकृत बंद पडायला लागतं. तो बोका किडनीने गेला नाही, माझ्या पथ्याने गेला. तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो, मांजराच्या पोटात अन्न जाणं पहिलं, ते कुठलं अन्न हे त्याच्या नंतर.

हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा. किडनीसाठीचं तयार खाद्य खरंच उपयोगी आहे. ते खाणारी मांजरं जास्त जगतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. त्यात फॉस्फरस कमी असतो, प्रथिनं बेताची पण चांगल्या प्रतीची असतात. कोरड्यापेक्षा पाऊचमधलं ओलं घ्या, पाणीही पोटात जातं. पण ते आज आणून आजच वाटीत ओतायचं नाही. मळमळत असताना जे पुढे आलं त्याचा मांजर कायमचा राग धरतं. आधी मळमळ थांबवा. मग तिच्या नेहमीच्या वाटीशेजारी दुसऱ्या वाटीत चमचाभर ठेवा, नुसतं हुंगू द्या. दीड महिना लागला तरी चालेल. निम्मं नवं आणि निम्मं जुनं इथवरच गाडी थांबली तर तेवढंही पुष्कळ.

चिकन-मासे पूर्ण बंद करू नका. मांजर मुळातच मांसावर जगणारं. प्रथिनं तोडली तर ती आपलेच स्नायू खाते, आणि मनीचे आधीच बरेच गेलेत. वैर प्रथिनांपेक्षा फॉस्फरसशी आहे, आणि तो सगळ्यात जास्त हाडांत, कलेजीत, काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या सुक्या मासळीत असतो. सुकट-बोंबलांत वर मीठही भरपूर. तेव्हा ती मासळी बंद. हाड चघळायला देणं बंद. चिकनचा हाड नसलेला तुकडा पाण्यात चांगला उकळून, ते पाणी टाकून द्या, थोडा फॉस्फरस त्या पाण्यातच जातो. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग उत्तम, त्यात फॉस्फरस अगदी थोडा. नुसत्या घरच्या जेवणावर मात्र तिला ठेवू नका. उकळण्यात टॉरिन, मांसातून मिळणारा मांजराला अत्यावश्यक घटक, निघून जातं, आणि ते कमी पडलं की मांजराचं हृदय आणि डोळे बिघडतात.

आपल्या गावाचं म्हणून एक वेगळं सांगायला लागतं. रविवारी घरात मटण शिजतं आणि मांजर पातेल्याभोवती फिरायला लागतं. "पांढरा रस्सा हाय, तिखट न्हाई, थोडा दिला तर काय हुतंय?" असं मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. तिखट नसलं तरी त्यात लसूण आहे, कांदा आहे. दोन्ही मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. रक्त तयार करा असा हुकूम किडनी देते. ती थकली की मांजर आधीच पांढुरकं पडायला लागतं, त्यात हा घाव. अळणी पाण्यात उकडलेला मटणाचा तुकडा तिच्यासाठी मसाला पडण्याआधीच बाजूला काढून ठेवा, म्हणजे तिचाही रविवार होतो. दुधाचंही तसंच. गंगावेशीतलं धारोष्ण दूध कौतुकाने आणलेलं असतं हे मला कळतं, पण बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, आणि दुधात फॉस्फरस चांगलाच असतो.

वाटीपर्यंत येते, हुंगते, ओठ चाटते आणि मान फिरवून निघून जाते, असं होतं का? याला घरचे "नखरे" म्हणतात. ती मळमळ आहे. कॉटखाली जाऊन बसणं, तोंडाला वास येणं, दात खाणं ही तिचीच भावंडं. मॅरोपिटंट नावाचं औषध यावर चांगलं चालतं. भूक वाढवायला मिर्टाझापिन देतात. ती माणसांची ७.५ मिलिग्रॅमची गोळी मिळते, मांजराला तिचा पाव भाग, आणि किडनीवाल्या मांजराला एक दिवसाआडच. रोज दिली किंवा अर्धी दिली तर मांजर रात्रभर येरझाऱ्या घालत ओरडत बसतं. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी प्रमाण लिहून दिल्याशिवाय सुरू करू नका. खाद्य कोमट करून द्या. नाक चोंदल्यासारखं असलेल्या म्हाताऱ्या मांजराला गार अन्नाचा वासच येत नाही.

पाण्याच्या वाट्या घरात चार ठिकाणी ठेवा, जेवणापासून लांब, रुंद तोंडाच्या. मिशा कडेला घासलेल्या मांजरांना आवडत नाहीत. काही मांजरांना वाहतं पाणी आवडतं, न्हाणीतला नळ दिवसातून दोनदा बारीक सोडून बघा. आणि ट्रे फार लघवीने भरतो म्हणून पाणी कमी करू, असा विचार चुकूनही करू नका. ती लघवी जास्त होते म्हणून पाणी पिते. पाणी काढलं तर दोन दिवसांत दवाखान्यात आणावं लागेल.

आता घरच्या सलाईनबद्दल. देता येतं, आणि मनीसारख्या रिक्षाला घाबरणाऱ्या मांजराला घरीच द्यावं. ते शिरेतून नव्हे, कातडीखाली. मांजराची मानेमागची कातडी सैल असते, त्या पोकळीत पाणी साठतं आणि दिवसभरात अंगात मुरतं. रिंगर लॅक्टेटची ५०० मिलिची बाटली, सलाईनचा सेट आणि १८ किंवा २० नंबरच्या सुया, एवढंच सामान. डेक्स्ट्रोजची बाटली चुकूनही आणायची नाही, ते कातडीखाली द्यायचं द्रावण नव्हे. ३.४ किलोच्या मांजराला एका वेळी ७५ ते १०० मिलि हे नेहमीचं प्रमाण. रोज की दोन-तीन दिवसांनी, ते तिच्या हृदयावर आणि खाण्यावर ठरतं. ती आपणहून खात-पीत असेल तर एक दिवसाआड लागेलच असं नाही. सलाईनमध्ये मीठही असतं. गरज नसताना दिलं की रक्तदाबावर ताण येतो. हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबर वेगळा फुसफुसाट, ऐकू येत असेल तर आधी हृदयाची तपासणी, मग सलाईन.

पहिली दोन-तीन वेळा डॉक्टरांसमोर स्वतःच्या हाताने द्या. घरी बाटली कोमट पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं ठेवा, मनगटावर थेंब टाकून बघा, गरम लागता कामा नये. पडद्याच्या दांडीला बाटली अडकवा. नळीतली हवा काढा. मनीला मांडीवर तिच्या ओळखीच्या चादरीवर घ्या, दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीने तंबूसारखी उचला आणि सुई त्या तंबूच्या पायथ्याशी, अंगाला समांतर, एका दमात आत घाला. घाबरत घाबरत घातलेली सुईच जास्त दुखते. पाच-सात मिनिटांत पाणी जातं. मानेवर उशीसारखा फुगा येतो, संध्याकाळपर्यंत तो एका पायाकडे उतरतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. सुई दर वेळी नवी. बाटली उघडल्यावर आठवड्याच्या आत संपवा, गढूळ दिसली तर फेका. दिल्यानंतर श्वास भरभर चालला, पोट उडायला लागलं, तर पुढचा डोस देऊ नका आणि लगेच दवाखाना गाठा. आदल्या वेळचा फुगा मुरलाच नसेल तर वर आणखी पाणी घालू नका, फोन करा.

पोटॅशियम ३.३ म्हणजे थोडं कमी आहे. तिची मान खाली झुकलेली राहते का, उडी मारताना मागचे पाय लटपटतात का, ते बघा. पोटॅशियम ग्लुकोनेटची पावडर किंवा जेल खाण्यातून देता येते. माणसांचं पोटॅशियम क्लोराइडचं सिरप मांजराच्या तोंडी टिकत नाही, फेस काढून थुंकते. फॉस्फरस ६.१ आहे, तो तिसऱ्या टप्प्यात ५ च्या आत आणायचा असतो. महिनाभर बदललेलं खाणं देऊनही उतरला नाही तर फॉस्फरस बांधून ठेवणारं औषध लागतं. ते अन्नात कालवूनच द्यायचं, रिकाम्या पोटी दिलं तर उपयोग शून्य. त्यासाठी मेडिकलमधून ॲसिडिटीची बाटली आणू नका, त्यात बाकीचे घटकही असतात. गोळी दिली की पाठोपाठ तीन-चार मिलि पाणी सिरिंजने गालाच्या कडेने द्या, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. विष्ठा कोरडी, खड्यासारखी होत असेल तर तेही कळवा. बद्धकोष्ठानेही भूक जाते.

किडनीवर म्हणून विकल्या जाणाऱ्या जडीबुटीच्या थेंबांनी मांजर सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही. डायलिसिसही या जुनाट आजारावरचा उपाय नव्हे. विषबाधेने किंवा लघवी तुंबून अचानक बसलेली किडनी सावरेपर्यंत वेळ मिळवायला ते असतं.

घरात काय नको, ते थोडक्यात. पॅरासिटामॉल नाही, पाव गोळीसुद्धा नाही, ती मांजराचा जीव घेते. मनी लंगडली म्हणून कुणी मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाचे थेंब दिले तर ही किडनी ते झेलायची नाही. समारंभातून आलेल्या गुच्छात लिली असेल तर तो गुच्छ घरातच आणू नका. लिलीचं पान, परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची किडनी दोन-तीन दिवसांत निकामी करतं.

दर रविवारी सकाळी तिचं वजन करा. स्वयंपाकघरात ठेवायचा दहा किलोपर्यंतचा डिजिटल काटा घ्या, त्यावर तिची टोपली ठेवून शून्य करा. माणसांच्या काट्यावर तिला कडेवर घेऊन वजाबाकी केली तर शंभर ग्रॅम इकडेतिकडे होतात, आणि आपल्याला नेमके तेच शंभर ग्रॅम बघायचेत. वहीत वजन, खाणं, उलटी, सलाईन लिहा. एका आठवड्यात शंभर ग्रॅम उतरलं तर रिपोर्टची वाट बघू नका. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तरी तसंच. सगळं स्थिर असेल तर रक्त, लघवी आणि दाब तीन महिन्यांनी.

आणि जून लागायच्या आत तीन आठवड्यांचं सामान घरात भरा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात आलं, महामार्ग बंद पडला, औषधांच्या गाड्या अडकल्या. माझ्या दोन मांजरांचं रिंगर लॅक्टेट त्या आठवड्यात संपलं आणि गुडघाभर पाण्यातून पोरं बाटल्या शोधत फिरली. बाटल्या, सुया, गोळ्या, खाद्य आणि मनीची जाळीची पेटी एका जागी ठेवा. ती पेटी आत्तापासूनच उघडी करून हॉलमध्ये ठेवा आणि तिचं खाणं आतच द्या. महिनाभरात ती आपणहून आत झोपायला लागली की रिक्षातला फेसही कमी होईल.

शेवटचं, जे तुम्ही विचारलं नाही पण "किती दिवस" मध्ये दडलेलं आहे. एक वेळ अशी येईल की औषधं, सलाईन सगळं चालू असूनही ती अंग चाटायचं सोडेल, ट्रेपर्यंत जाणार नाही, तुम्ही हाक मारल्यावर कान हलवणार नाही. वहीत बरे दिवस आणि वाईट दिवस वेगळ्या शाईने लिहीत चला. आठवड्यात वाईट दिवस जास्त व्हायला लागले की मला किंवा तुमच्या डॉक्टरांना घरी बोलवा. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, ती तुमच्या मांडीवरच झोपते, नंतरचं इंजेक्शन तिला कळत नाही. ते आज ठरवायचं नाही. आज दवाखान्यात फोन करून लघवीच्या तपासणीची आणि रक्तदाबाची वेळ घ्या, आणि पेटी माळ्यावरून खाली काढा.